जुना बंब आणि नगरपालिकेचे अंदाजपत्रक

नगरपालिकेच्या मालकीची वस्तू जुनी झाली की तिचे निर्लेखन करावे, हा हिशेबाचा साधा नियम आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न उभा राहतो तो निर्लेखनानंतरच्या दिवसांचा. खुर्ची मोडली तर कारकून चार दिवस स्टुलावर बसेल. पण आगीचा बंब भंगारात निघाला आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही, तर त्या अवधीत कोणाचे घर जळेल हे कोणी सांगावे?

हा प्रश्न आज काल्पनिक राहिलेला नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार, केंद्र व राज्य शासन, स्थानिक संस्था आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात येते. देशाचे संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी लागणाऱ्या विशेष वाहनांना त्यातून सूट देण्यात आली. आगीच्या बंबाचा उल्लेख त्या सवलतीत नव्हता. खाजगी मालकाचा ट्रक योग्यता तपासणीत उतरला तर पुढे चालू शकतो. नगरपालिकेचा बंब मात्र केवळ वयाने बाद होतो. मुंबई महापालिकेला हा धक्का सोसतो. ज्या नगरपालिकेकडे एक-दोन बंब आहेत, तिच्या दृष्टीने हा नियम म्हणजे सेवाच बंद करण्याचा आदेश ठरू शकतो.

म्हणून जुने बंब वापरतच राहावे, असे मात्र आपण म्हणता कामा नये. बंब किलोमीटर थोडे धावतो, पण उभ्या जागी त्याचे इंजिन तासन् तास पंप ओढत असते. कोकणच्या दमट हवेत पाण्याची टाकी आतून गंजते, पंपाला गळती लागते, वापर नसतानाही टायर वयाने तडकतात. अशा गाडीवर जवानाला घाटात पाठवणे म्हणजे दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी त्याचा जीव पणाला लावणे होय. जुना बंब जावा, हे योग्यच. परंतु नवा दारात उभा राहिल्यावर जावा, एवढाच आपला आग्रह आहे.

येथे अर्थशास्त्राचा एक प्राथमिक धडा आठवावा लागतो. पंधरा वर्षांनी बंब बदलावा लागणार, हे तो खरेदी केला त्याच दिवशी ठाऊक असते. दर वर्षी किमतीचा पंधरावा हिस्सा आणि त्यावर भाववाढीची तरतूद वेगळ्या निधीत टाकली असती, तर ऐनवेळी मंत्रालयाचे उंबरठे झिजवावे लागले नसते. घसारा ताळेबंदात दाखवला जातो; रक्कम मात्र बाजूला पडत नाही. याला केवळ अधिकाऱ्यांचा आळस कारण नाही. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि त्यांच्या हाती मुख्यतः मालमत्ता कर व शासनाचे अनुदान उरले. जो अनुदानावर जगतो, तो पंधरा वर्षांचे नियोजन कशाच्या बळावर करणार?

महाडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सत्तावीस हजारांच्या आसपास होती. पण शहराशेजारी रसायनांच्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि ती नगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तिचा धोका शहराच्या वाट्याला येतो, कर मात्र येत नाही. औद्योगिक विकास महामंडळाचे स्वतःचे अग्निशमन दल आहे, हे खरे. तरीही ३ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील औषधनिर्मितीच्या कारखान्यात स्फोट होऊन अकरा कामगार बेपत्ता झाले, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पाचारण करावे लागले. ऑगस्ट २०२० मध्ये पाच मजली इमारत कोसळून सोळा जण दगावले. जुलै २०२१ च्या महापुरात रस्ते तुटले आणि तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, तेव्हा बाहेरची मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. बाहेरचे दल येईपर्यंतचे पहिले तास स्थानिक यंत्रणेचेच असतात, हा महाडने पुन्हा पुन्हा घेतलेला अनुभव आहे.

पोलादपूर तर याहून उपेक्षित. महाडहून पोलादपूर सुमारे वीस किलोमीटर, आणि तेथून उमरठसारखी गावे आणखी डोंगरात. ग्रामीण भागात बंब वीस मिनिटांत पोहोचावा, असे मानक सांगितले जाते. महाडहून निघालेला बंब त्या वेळात पोलादपूरच्या वेशीवर आला तरी पुष्कळ. तोवर गुरांचा वाडा आणि पेंढ्याच्या उडव्या यांची राख झालेली असते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी संस्थांच्या विषयांत, अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत ती नाही. खेड्यातील आग ही जणू आगच नव्हे! कशेडी आणि आंबेनळी या दोन घाटांच्या तोंडाशी वसलेल्या या तालुक्याला स्वतंत्र केंद्र मिळणे ही मेहरबानी नसून हक्काची गोष्ट आहे.

पैसा नाही, हे उत्तर पटणारे नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जुलै २०२३ मध्ये जाहीर झाली. बहुतेक राज्यांनी त्यात पंचवीस टक्के वाटा घालायचा होता. अशा योजनेतून गाड्या येतात. परंतु चालक आणि फायरमन यांचा पगार दरमहा नगरपालिकेलाच द्यावा लागतो. माणसाविना बंब म्हणजे रंगवलेली टाकी. ‘बंब वर्षभर उभाच असतो, मग एवढा खर्च कशाला?’ असे विचारणारे काटकसरवादीही भेटतात. बंबाचे काम सज्ज उभे राहणे हेच आहे, हे त्यांना शांतपणे समजावून द्यावे.

महाडला कागद आणि कृती यांतील अंतर नवे नाही. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला; त्या तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्यांनी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली. पुढे नगरपालिकेने तो ठरावही मागे घेतला आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. ठरावाला लोकांचा रेटा लागतो, हा धडा याच गावाने देशाला दिला. आग विझवणे व तीत जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने नगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. तेही असेच कागदावर राहू द्यायचे काय?

दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिलेल्या नगरपालिकांना डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर पुन्हा लोकनियुक्त सभागृहे मिळाली आहेत. आपले बळ तेथे थोडे असेल. पण प्रश्न विचारायला बहुमत लागत नाही. प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने चार गोष्टी मागाव्यात : बंबाच्या खरेदीचे वर्ष व पंपाच्या शेवटच्या चाचणीचा दाखला जाहीर करावा, बदलीसाठी स्वतंत्र घसारा निधी सुरू करावा, पर्यायी गाडी दाखल होण्यापूर्वी जुनी काढू नये आणि त्यासाठी शासनाने सवलत द्यावी, फायरमनची पदे कंत्राटी न ठेवता कायम भरावीत. महाड-पोलादपुरात पाचवी मागणी हवी : कारखान्यांकडून मिळणाऱ्या अग्निशमन शुल्काचा हिस्सा आसपासच्या गावांच्या केंद्राला मिळावा.

दुर्घटना घडल्यावर आपण मोर्चा काढतो आणि तो काढलाही पाहिजे. परंतु अंदाजपत्रकाच्या सभेत एक तास बसून अग्निशमनाचे पान वाचणे हे त्याहून कंटाळवाणे आणि अधिक जीव वाचवणारे काम आहे. आग लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपल्या आज्यांना ठाऊक होती. ती अंदाजपत्रकाच्या भाषेत सांगणे आता आपल्याकडे आले आहे.