ब्लॉकचे हातयंत्र आणि चौदा दिवसांचे पाणी

धानाची मळणी उरकली की आपल्या बालाघाटकडे दोन कामांची घाई सुरू होते, लग्नांची आणि घरांची. वैनगंगेच्या काठाने कुठेही जा, नोव्हेंबरपासून विटांच्या भट्ट्या रचलेल्या दिसतात. त्या भट्ट्यांची माती येते कुठून, हे आपण सारे जाणतो. ती आपल्याच बांधीतून येते. हाताशी पैसा नसला की शेतकरी बांधीतील वरची फूटभर माती विकून मोकळा होतो. पण धानाला पोसणारा कस त्या वरच्या थरातच असतो. खालची घट्ट माती उघडी पडली की पुढची काही वर्षे पीक मार खाते आणि शेणखताच्या गाड्या ओतूनही भरपाई लवकर होत नाही. घर उभे राहते आणि शेत बसते. हा व्यवहार आम्हाला कधीच पटलेला नाही.

म्हणून सिमेंटचे ब्लॉक हाताने पाडायच्या यंत्राबद्दल चार शब्द लिहावेसे वाटले. यंत्र म्हणजे फार काही नाही. लोखंडी पेटी, उघडणाऱ्या बाजू आणि दाबायला दांडा किंवा ठोकायला धुम्मस. वीज लागत नाही, डिझेल लागत नाही. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हार्मन पामर यांनी १९०० साली पोकळ ब्लॉकच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढच्या काही वर्षांत तिथले शेतकरी टपालाने असली हातयंत्रे मागवून घरे आणि गोठे बांधू लागले. पुढे १९५६ साली कोलंबियातील बोगोटा येथे राउल रामिरेझ या अभियंत्याने ‘सिन्व्हा-राम’ नावाचा हातदाबयंत्राचा प्रकार काढला. त्यात मातीतच थोडे सिमेंट किंवा चुना मिसळून लांब दांड्याने दाबतात. आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले. तिथेही दाबलेल्या मातीच्या ब्लॉकवर पुष्कळ काम झाले.

आपल्याकडे कोणता प्रकार चालेल? मातीचा ब्लॉक स्वस्त पडतो, पण माती रेताड हवी. आपली कन्हार त्याला मुळीच चालत नाही, कारण ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. बर्डीची किंवा मुरमाड माती असेल तर काचेच्या बाटलीत माती व पाणी हलवून रात्रभर ठेवा. तळाशी बसलेली रेती निम्म्याहून बरीच जास्त असेल तर विचार करावा. माती निवडताना मात्र बांधीला हात लावू नये, नाहीतर भट्टीवाल्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला? बाकीच्यांनी रेती, बारीक गिट्टी आणि सिमेंट यांचाच ब्लॉक धरावा. सिमेंटच्या कारखान्यातही इंधन जळते आणि रेती नदीतूनच येते, तेव्हा हा मार्ग अगदी निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण शेत तरी शाबूत राहते.

आता आमचीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आवाराच्या भिंतीसाठी ब्लॉक पाडले, तेही भर मे महिन्यात. एका जाणत्या म्हणवणाऱ्याने सांगितले की एका घमेल्याला बारा घमेली चालतात. स्वस्त पडते म्हणून आम्ही ऐकले. विहीर आटत आली होती, म्हणून तीन दिवस पाणी मारून थांबलो. ब्लॉक दिसायला झकास होते, कडाही सुरेख होत्या. पाऊस लागला तशी कोपऱ्यांची रेती बोटाने निघू लागली. पोळ्यापर्यंत भिंतीचा एक तुकडा ढासळला. लोकांनी यंत्राला नावे ठेवली. यंत्राचा काय दोष होता? सिमेंट उन्हाने वाळून पक्के होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होते, आणि पाणी उडून गेले की ती क्रिया जागच्या जागी थांबते. हे आम्ही विद्यार्थिदशेत वाचले होते, पण भिंत पडेपर्यंत समजले नव्हते.

दुसऱ्या खेपेस दिवाळीनंतर काम धरले. सिमेंट एक घमेले, रेती-गिट्टी मिळून आठ घमेली. माल अर्धवट ओला, म्हणजे मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण हाताला पाणी सुटू नये. पाडलेला ब्लॉक एक दिवस सावलीत हलवायचा नाही. मग तणसाने झाकून चौदा दिवस सतत ओला ठेवायचा. भारतीय मानकातही किमान चौदा दिवसच सांगितले आहेत, आणि त्यानंतर चार आठवडे वाळवून मगच भिंतीत लावायचे. तणस आपल्याकडे घरोघरी असते. सकाळ-संध्याकाळ शिंपले की ओल टिकते आणि पाणीही कमी लागते. ती भिंत आजही उभी आहे.

हिशेब असा. चाळीस बाय वीस बाय वीस सेंटिमीटरचा एक पोकळ ब्लॉक आपल्या गावठी सात-आठ विटांची जागा घेतो. सिमेंटच्या एका पोत्यात साधारण पंचवीस निघतात. २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले, आणि मदत सपाट भागात १.२० लाख, डोंगराळ व दुर्गम भागात १.३० लाख रुपये ठरली. एवढ्या घराच्या भिंतींना सात-आठशे ब्लॉक, म्हणजे तीसेक पोती. तीन माणसांनी दिवसाला साठ-सत्तर पाडले तरी बारा दिवसांचे काम. घरची माणसे राबली तर मजुरीचा पैसा कवेलूला किंवा दाराला उरतो.

प्रकृतीचेही पाहिले पाहिजे. ओले सिमेंट कातडी खाते. बोटांच्या बेचक्यात चिरा पडतात आणि त्या धान कापताना झोंबतात. हातमोजे नसतील तर निदान काम संपताच हातपाय साबणाने स्वच्छ धुवावेत. डोळ्यात उडाले तर चोळू नये, भरपूर पाण्याने धुवावे आणि थेट दवाखाना गाठावा. ब्लॉक वीस किलोच्या आसपास भरतो, तेव्हा गर्भवती बहिणींच्या डोक्यावर तो देऊ नये. आमच्या आवारात एकदा दिला गेला, याची आम्हाला अजून लाज वाटते. दुसरे म्हणजे ब्लॉक भिजवायचे टाके. बैहरकडच्या लोकांना हिवताप काय असतो ते सांगायला नको. साचलेल्या पाण्यात आठवड्यात डास तयार होतो. टाके आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून कोरडे होऊ द्यावे, किंवा टाके टाळून तणसच वापरावे. भिंतीचा शेवटचा थरही मालाने भरून बंद करावा, नाहीतर पोकळीत विंचू घर करतात.

राहता राहिला प्रश्न यंत्र घ्यायचे कोणी. एकट्याने घेऊ नये. एक घर झाले की ते कोपऱ्यात गंजते. पण सगळ्यांचे म्हणून घेतले तरी गंजतेच. आम्ही सामाईक फवारणी पंपाची गत पाहिली आहे. ज्याने शेवटी वापरला त्याने धुतला नाही, आणि पुढच्याने आदल्याला शिव्या दिल्या. म्हणून आमचे मत असे की पाच-सहा घरांनी मिळून घ्यावे आणि एकाच्याच ताब्यात ठेवावे. रोज संध्याकाळी धुऊन, तेलाचा हात फिरवूनच ते दुसऱ्याकडे जावे. ज्याच्याकडून न धुता येईल त्याची पुढची पाळी गेली. हा नियम कडक वाटतो, पण पेटीत वाळलेले सिमेंट छिन्नीने काढून पाहा, मग वाटणार नाही.

पहिली पाळी कोणाची, यावर भांडण होणार हे आम्ही धरून चाललो आहोत. आमच्या मते ज्या घरी पावसाळ्यात भिंत खचली त्यांची पहिली, मग त्यांनी वर्गणी सर्वांत कमी दिली असली तरी. ज्यांना यात यायचे असेल त्यांनी रोवणीपूर्वीच नावे द्यावीत, म्हणजे मळणी होताच रेती आणता येईल. आपापले तणस मात्र विकू नका.