हवा सेल्सिअस, ताप फॅरनहाइट

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५वर गेला की आपण सेल्सिअस समजतो. पोराला १०२ ताप आहे म्हटलं की फॅरनहाइट. एकाच घरात दोन मापं सुखाने नांदतात. अडतं ते डिजिटल थर्मामीटर चुकून ‘सी’वर जातो आणि ३८.९ दाखवतो तेव्हा. आकडा लहान दिसला म्हणून निवांत बसू नये. हा १०२च ताप आहे.

हिशेब सोपा: सेल्सिअसला १.८ने गुणा, ३२ मिळवा. फॅरनहाइटवर पाणी ३२ला गोठतं, २१२ला उकळतं. मधल्या १८० अंशांचे सेल्सिअसवर १०० होतात. (खुद्द सेल्सिअसने १७४२मध्ये उकळण्याला ० आणि गोठण्याला १०० म्हटलं होतं! ते उलटवलं नंतरच्यांनी.)

खरी गोची फरक सांगताना होते. तिथे फक्त गुणायचं, ३२ मिळवायचे नाहीत. पृथ्वी दीड अंश सेल्सिअसने तापली म्हणजे फॅरनहाइटमध्ये २.७ अंशांनी. घाईत कुणी ३४.७ लिहिलं, तर त्या बातमीत आपण सगळे भाजूनच निघू. बातम्या भाषांतरित करणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवायला हवं, त्यात आम्हीही आलो. आमच्या पानांत असा ३२चा घोळ दिसला, तर जरूर कळवा.