प्रत केली, पण मोजली का?

काही वर्षांपूर्वी आमच्या चरोद्यातल्या गणेशोत्सवाचे हिशेब मी जुन्या संगणकावरून नव्यावर आणले. दोन्हींवर लिनक्स होतं. टर्मिनल उघडलं, ‘सीपी -आर’ ही आज्ञा दिली आणि अख्खा फोल्डर आला. एकही फाइल हरवली नाही, तरी त्या दिवशी माझ्या हातून नुकसान झालं. ‘वर्गणी अंतिम’, ‘वर्गणी अंतिम नवी’, ‘वर्गणी अंतिम दुरुस्त’ यांतली खरी शेवटची कोणती, हे फक्त फाइलीच्या तारखेवरून कळायचं. नव्या प्रतीत सगळ्यांवर एकच तारीख पडली होती, प्रत केल्याच्या दिवसाची. जुना संगणक तोवर भंगारात गेला होता. पावतीपुस्तकं समोर घेऊन तीन संध्याकाळी बसलो, तेव्हा कुठे हिशेब लागला.

हे आज सांगायला कारण आहे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पुढची आवृत्ती अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाही, म्हणून अनेक घरांत उबुंटूसारखं लिनक्स येतं आहे. आमच्या रेल्वे कॉलनीत, भिलाईत, दुर्गात शिकणारी मुलं आई-वडिलांच्या संगणकावर ते बसवून देतात. फोटो, दाखले, पेन्शनचे कागद इकडून तिकडे जातात. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की घाई करू नका.

इथे आज्ञा देवनागरीत लिहितो, कळफलकावर ती रोमन लहान अक्षरांत टाकायची. सीपी म्हणजे प्रत करणे. लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्सच्या 1971 मधल्या पहिल्या पुस्तिकेतही ही आज्ञा होती. तिला नुसतं ‘-आर’ जोडलं तर फोल्डर आतल्या सगळ्यासकट येतो, पण तारखा जातात. म्हणून ‘-आर’ विसरा आणि ‘-ए’ लिहा. त्यात तारखा आणि परवानग्या राहतात, दुवेही दुवे म्हणूनच येतात.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. ‘सीपी -ए हिशेब प्रत’ असं लिहिलं आणि ‘प्रत’ नावाचा फोल्डर आधी नसेल, तर हिशेबाची नक्कल त्या नावाने तयार होते. तीच आज्ञा पुढच्या आठवड्यात पुन्हा दिली तर ‘प्रत’ आता असतो, म्हणून नवी नक्कल त्याच्या पोटात ‘हिशेब’ नावाने जाऊन बसते. वर जुनं, आत नवं, आणि तुम्ही वरचं उघडून समाधान मानता. आमच्या रेल्वे यार्डात रूळ बदलणारा पॉइंट कुठे लागला आहे त्यावर वॅगन कोणत्या लाइनीवर जाणार ते ठरतं, वॅगनला विचारून नव्हे. इथेही तसंच आहे. उपाय सोपा आहे: ‘सीपी -ए हिशेब/. प्रत/’ असं लिहा. तिरप्या रेघेनंतरचं ते टिंब सांगतं की हिशेबाच्या आतलं सगळं घे. मग ‘प्रत’ आधी असो वा नसो, फाइली एकाच जागी पडतात. टिंबाऐवजी ताऱ्याची खूण वापरू नका, कारण टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली ती सोडून देते.

त्याच नावाची फाइल तिथे आधीपासून असेल तर सीपी न विचारता तिच्यावर लिहिते. जुनी फाइल कचरापेटीतही सापडत नाही. शंका असेल तेव्हा ‘-ए’सोबत ‘-आय’ जोडा, मग ती प्रत्येक वेळी विचारते.

प्रत झाली की ती पडताळा. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि हेच बहुतेक जण करत नाहीत. आमच्या त्या भिलाई मार्शलिंग यार्डात वॅगनचा रेक जुळला की वॅगनचे नंबर यादीशी ताडून बघण्याचं काम असतं. डोळ्यांना लांबी बरोबर दिसते म्हणून कोणी गाडी सोडत नाही. आपल्या वाङ्मयातही याची आठवण आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत हरवली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, वेगवेगळे पाठ झाले, आणि अभ्यासक ते आजही ताडून पाहतात. पाठभेद शोधण्याची युनिक्समधली आज्ञा आहे ‘डिफ’. ‘डिफ -आर हिशेब प्रत’ लिहा. एका बाजूला नसलेली आणि मजकूर बदललेली प्रत्येक फाइल ती सांगेल. काहीच छापलं नाही तर दोन्ही बाजूंच्या फाइली आणि त्यांतला मजकूर सारखा आहे. ती शांतता चांगली बातमी आहे, तिला घाबरून आज्ञा पुन्हा पुन्हा देऊ नका.

पेन ड्राइव्हचं थोडक्यात सांगतो. जुन्या फॅट 32 पद्धतीच्या ड्राइव्हवर 4 जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. आणि आज्ञा संपलेली दिसली तरी मजकूर अजून स्मृतीतून ड्राइव्हवर उतरत असू शकतो. ‘सिंक’ लिहून तो पुरा होऊ द्या, ड्राइव्ह रीतसर बाहेर काढण्याची सूचना द्या, मगच उपसा.

एक प्रत दुसऱ्या घरी असू द्या. 1998 मध्ये ‘टॉय स्टोरी 2’ चित्रपटाच्या फाइली पिक्सारमध्ये एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या, आणि त्यांचा बॅकअप नीट चालत नसल्याचं तेव्हाच उघड झालं. तिथल्या गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या संगणकावरच्या प्रतीने चित्रपट वाचला. तुमच्यासाठी ते घर नागपूरच्या मावशीचं असेल किंवा गोंदियाच्या काकांचं. दिवाळीला जाताना एक ड्राइव्ह सोबत न्या, आणि तिथे पोहोचल्यावर त्यांच्या संगणकावर उघडून बघा.

आणि जुना संगणक एवढ्यात देऊन टाकू नका. महिनाभर नव्यावर काम करा. आईच्या पेन्शनचा कागद उघडा, एखादा जुना फोटो उघडा, हिशेबाच्या तारखा बघा. मग भंगारवाल्याला हाक मारा.