कलाश्निकोव्हचा प्रश्न

परवा भाचा सुट्टीला आला होता. कॉम्प्युटरवर धडाधड गोळीबार चालू होता. मध्येच म्हणाला, "मामा, ही एके-४७ कुणी बनवली?" मी नाव सांगितलं, पण गोष्ट राहूनच गेली. म्हणून हे लिहितोय.

ऑक्टोबर १९४१. हिटलरचं सैन्य मॉस्कोकडे सरकत होतं. ब्र्यान्स्कजवळच्या लढाईत मिखाईल कलाश्निकोव्ह हा २१ वर्षांचा रणगाडा कमांडर जखमी झाला. हॉस्पिटलात शेजारच्या सैनिकांचं गाऱ्हाणं एकच : जर्मनांकडे स्वयंचलित बंदुका आणि आपल्याकडे दोघा-तिघांत एक रायफल! शेतकऱ्याघरचा हा मुलगा पडल्या पडल्या बंदुकीचे आराखडे काढू लागला. १९४२ मधली त्याची पहिली बंदूक सैन्याने नाकारली. त्याने नाद सोडला नाही. शेवटी १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्याने त्याची रायफल स्वीकारली. तोवर ते युद्ध संपून चार वर्षं झाली होती.

चिखल असो, वाळू असो, ही रायफल चालते. नवख्या सैनिकालाही चटकन शिकवता येते. खरी मेख इथेच आहे. जे नवख्या सैनिकाला सोपं, ते नवख्या अतिरेक्यालाही सोपंच. बंदूक या हातातून त्या हातात जाते, ती कशासाठी बनली ते काही सोबत जात नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला ती आपल्या सीएसटीवर पोचली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या.

"चाकूने खून झाला तर लोहाराचा काय दोष?" असं लोक म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. चाकूने निदान भाजी तरी चिरता येते! कलाश्निकोव्हही आयुष्यभर दोष राजकारण्यांवर टाकत आले. पण नव्वदी उलटल्यावर त्यांनी रशियन चर्चच्या प्रमुखांना पत्र लिहिलं : माझ्या रायफलीने माणसं मेली, तर दोषी मीच का? देशरक्षणासाठी शस्त्र घडवणाऱ्यांना चर्चचा पाठिंबा आहे, असं चर्चकडून सांगण्यात आलं. २०१३ मध्ये ते वारले.

मी त्यांना दोषी म्हणणार नाही. देश जळत असताना मीही कदाचित तेच केलं असतं. पण उशिरा का होईना, त्यांना तो प्रश्न पडला. ती रायफल कारखान्यांतून काढून जगभर वाटणाऱ्या किती जणांना पडला असेल?

भाचा पुन्हा आला की त्याला हे सगळं सांगणार आहे. ऐकेल की नाही, कुणास ठाऊक. असो.