उडी कसली मारता, दोन मिनिटं हात वर धरून दाखवा

चांदीप, पारोळ पट्ट्यात पट्टीचा पोहणारा कोण? जो उंचावरून तानसेत उडी टाकतो तो. मला हे पटत नाही.

वॉटरपोलोचा गोलकीपर बघा. गोल ३ मीटर रुंद, आडवी दांडी पाण्यापासून ९० सेंटिमीटर वर, आणि खाली पाय टेकायची सोय नाही. हात चेंडूसाठी मोकळे हवेत, म्हणजे सगळा भार पायांवर. ताकातल्या रवीसारखे पाय उलटसुलट फिरवत राहायचे, याला एगबीटर किक म्हणतात. सरावात हात वर धरून, कधी वजन घेऊन, तासन् तास हेच. कंटाळवाणं काम! पण त्याच जोरावर तो चेंडूवर पाण्याबाहेर उसळतो. आणि डोकं थंड लागतं. गोल खाल्ला की तो तिथंच सोडायचा, लगेच ओरडून बचावाला जागेवर आणायचं, कारण अख्खा खेळ त्याच्यासमोर असतो.

१९५१च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत यात भारताचं सुवर्ण होतं, १९८२ला कांस्य. पदकं राहू द्या हो. पण जीवरक्षकही हीच किक वापरतात, बुडणाऱ्याला धरायला हात मोकळे राहतात म्हणून! आपल्याकडे नदी आहे, पाण्याने भरलेल्या खदाणी आहेत.

म्हणून महापालिकेकडे मागणं आहे: उन्हाळी शिबिरात शर्यतीआधी हे शिकवा, नवीन तलावाचा एक भाग तरी २ मीटर खोल ठेवा, आणि नदीकाठच्या पोरापोरींना आधी प्रवेश द्या. शिकवणारं कोणी ओळखीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. सराव मात्र तलावातच, तानसेत नको.