शाखा सगळे विचारतात, विषय कुणीच विचारत नाही

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एक ताई मुलीला घेऊन घरी आल्या. पोरगी बारावी सायन्स, फर्स्ट क्लास. बी.एस्सी. नर्सिंगला जायचंय. फाईल अगदी व्यवस्थित लावलेली. मी मार्कलिस्ट बघितली. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि दोनशे मार्कांचं कॉम्प्युटर सायन्स. बायोलॉजी नाहीच.

बी.एस्सी. नर्सिंगला बायोलॉजी लागतंच, हे मलाच सांगावं लागलं.

ताई म्हणाल्या, "पण दादा, सायन्सच घेतलं होतं ना हिनं?"

काय उत्तर देणार? दोन वर्षांपूर्वी प्रवेशाच्या खिडकीवर कुणीतरी म्हणालं होतं, "कॉम्प्युटर घे, स्कोप आहे." दोनशे मार्कांचा बायफोकल विषय घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. हिचं बायोलॉजी सुटलं. त्याचा अर्थ काय होतो, हे ना पोरीला कुणी सांगितलं, ना आईला. जी.एन.एम. डिप्लोमाला कुठल्याही शाखेची बारावी चालते, तो रस्ता मी सांगितला. पण तिला डिग्री करायची होती. ती काही बोलली नाही, फाईल बंद केली.

यात दोष माझाही आहे. दरवर्षी निकालाला मी पेढे भरवतानाचे फोटो छापतो. कुठला विषय सोडला की पुढचा कुठला रस्ता बंद होतो, ही बातमी इतक्या वर्षांत एकदाही केली नाही. आणि मी तर स्वतः भोगलंय. दहावीला मार्क बरे पडले म्हणून घरच्यांनी सायन्सला घातलं, बारावीला आपटलो, मग आर्ट्स, मग पत्रकारितेचा डिप्लोमा. माझं निभावलं, पण दोन वर्षं गेली ती गेलीच.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. कॉलेज कुठलं, शाखा कुठली, यावर घराघरात चर्चा होते. विषय मात्र बहुतेक ठिकाणी प्रवेश पक्का करताना, रांगेत उभं राहून पाच मिनिटांत ठरतात.

म्हणून पालकांनो, उलटं विचारा. आधी बारावीनंतर काय करायचंय ते, मग त्याला कुठले विषय लागतात ते. सीईटीचा पीसीएम ग्रुप द्यायचा तर गणित हवं. एमबीबीएस, नर्सिंगला बायोलॉजी हवं. बी.फार्मसीला दोन्हींपैकी एक चालतं. सी.ए. व्हायला बारावीत गणित सक्तीचं नाही. पण पुढे स्टॅटिस्टिक्स करावंसं वाटलं तर गणित सोडल्याचा पस्तावा होतो. पाच वर्षांच्या लॉला कुठलीही शाखा चालते. आयटीआय आणि पॉलिटेक्निक तर दहावीनंतरच आहे, आणि डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

ठरतच नसेल तर गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवा, असं सांगतात. ठीक आहे. पण ज्या पोराला गणिताची धडकी भरते त्याच्या गळ्यात ते बांधू नका. पोराला विचारा, आणि त्याच्या सरांनाही विचारा. सर म्हणतात, "आम्ही सांगतो, पालक ऐकत नाहीत." तेही खोटं नाही.

2016 साली बोर्डाने दहावीला कलचाचणी आणली होती. पण मुलाला कशाची आवड आहे हे कळल्यावर विषय कुठले घ्यायचे, ते समोर बसून सांगणारं माणूस लागतंच.

माझं म्हणणं एवढंच. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कुलाने फॉर्म भरायच्या आधी एक शनिवार काढावा. मुलं आणि पालक दोघांनाही बोलवावं. त्याच शाळेतून शिकून गेलेली नर्स, वायरमन, वकील, बँकेतला कारकून यांना समोर बसवावं. खर्च चहाचा. तो मी करतो.

तुम्ही यापैकी कुणी असाल आणि दोन तास देणार असाल, तर खाली नाव लिहा. यादी घेऊन मी स्वतः मुख्याध्यापकांना भेटतो.