पाहुण्याचें ताट

दोन दिवसांच्या पाहुण्यासाठीं भातखाचरें आणि तळीं तशींच राखावीं काय, असें विचारणारे गृहस्थ रायगडच्या किनाऱ्यावर आम्हांस वरचेवर भेटतात. विचारतांना आपण मोठे व्यवहारचतुर आहों, असा त्यांचा भाव असतो. पाहुणा म्हणजे अमूर ससाणा; वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. सैबेरियांत जन्मून तो आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाकडे जातो. नोव्हेंबराच्या सुमारास आमचा पश्चिम किनारा सुटला, कीं पुढें सुमारें तीन हजार किलोमीटर त्यास टेंकावयास फांदी नाहीं. मग तो खातो काय? याच दिवसांत चतुरांचे थवेही समुद्र ओलांडतात, व ससाणे वाटेंत त्यांवर निर्वाह करीत असावेत, असें चार्ल्स अँडरसन यांनीं 2009 मध्यें मांडलें. अनुमानच तें, आम्ही लपवीत नाहीं. परंतु हे चतुर पावसाळी डबक्यांत आणि भातखाचरांत जन्मतात, हें अनुमान नव्हे. उरण-पनवेलकडे तींच भरावाखालीं गेलीं, आणि आम्ही मात्र दुर्बीण लावून पाहुण्याचें कौतुक करतों! ताट उचलून पाट मांडण्याचा हा आदरसत्कार कोणत्या घरचा?

नागालँडांत दोयांग जलाशयाकांठीं 2012 सालीं हेच पक्षी जाळीं लावून लाखाच्या हिशेबानें मारले गेले. पुढल्याच वर्षीं पांगतीच्या लोकांनीं ती शिकार बंद केली; त्यांत त्यांची मिळकत बुडाली. आमच्या गृहस्थांचें काय बुडणार आहे? पुढचा भराव पडण्यापूर्वीं कोणतें खाचर, कोणतें तळें राखणार, एवढें तरी त्यांनीं नांवानिशीं सांगावें.